रूळ गेले, वाट राहिली

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" उत्तरात नायगारा, न्यूयॉर्क, डिस्नेलँड अशी यादी अपेक्षित असते. आम्ही सांगतो, "मिसुरीत पाच दिवस सायकल चालवली." मग समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग यांच्याकडे, आणि हळूच विषय बदलतो. म्हटलं, आपल्या अंकात एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. लेकी-मुलांकडे सहा-सहा महिने जाऊन राहणाऱ्या आणि तिथे दुपारी काय करावं हे न सुचणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींना कदाचित उपयोगी पडेल.

आमची लेक कोलंबिया गावात राहते. हे गाव मिसुरी राज्याच्या बरोबर मध्यावर आहे. गावापासून थोड्याच अंतरावरून 'कॅटी ट्रेल' नावाची वाट जाते. लांबी साधारण 386 किलोमीटर. पश्चिमेला क्लिंटन, पूर्वेला सेंट लुईसच्या अलीकडचं मेकन्स. या वाटेवर मोटारी नाहीत, स्कूटर नाही, टोल नाही. चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली आहे, त्यामुळे टायर रुततही नाही आणि फार घसरतही नाही. आणि मुख्य म्हणजे चढ अगदी मवाळ. कारण ही मुळात रेल्वेची लाइन. मिसुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे. तिच्या आद्याक्षरांतल्या 'के-टी'चं लोकांनी लाडाने 'कॅटी' केलं. वाफेच्या इंजिनाला मालगाडी ओढत नेता यावी म्हणून इंजिनिअरांनी शंभर वर्षांपूर्वी डोंगर खोदले, खोलगट जागी भराव टाकले, ओढ्यांवर पूल बांधले. ती सगळी मेहनत आता माझ्या गुडघ्यांच्या कामी आली.

आता "यांच्या"बद्दल. आमचे हे प्रतापनगरला नॅरोगेजवर नोकरीला होते. जुन्या वडोदेकरांना प्रतापनगर म्हणण्यापेक्षा गोयागेट म्हटलं की लवकर कळेल. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं बरी गेली, मग बायपास झाली. डॉक्टरांनी नंतर सगळं करायला परवानगी दिली. फिरा, जिने चढा, प्रवास करा. पण हे खुर्चीतून उठेनात. दुखत काही नव्हतं. "कशासाठी?" एवढंच विचारायचे, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. अमेरिकेला आले तेही लेकीच्या हट्टापायी. तिथेही खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. सायकलची कल्पना जावयाची. त्याने रूळ, बोगदा, जुना उचलता पूल असे तीन शब्द योग्य वेळी उच्चारले. यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गेज कोणता होता?"

तर अनंत चतुर्दशी झाल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस निघालो. यांच्यासाठी बॅटरीची मदत असलेली सायकल भाड्याने घेतली, मला साधी. कॉलेजला मी सायकलवरूनच जायचे, सुर्सागरला वळसा घालून, त्या भरवशावर. सामानात दोन पिशव्या, औषधांचा डबा, पंक्चरचं सामान आणि तीन दिवस पुरतील एवढे थेपले.

लेकीने आम्हाला गाडीने विंडसर या छोट्या गावी सोडलं. वाटेवरची सर्वांत उंच जागा इथूनच जवळ आहे, म्हणजे पुढे एकंदरीत उतारच. पहिला दिवस सेडेलियापर्यंत, 30 किलोमीटर.

या भागाला प्रेअरी म्हणतात. मी समजत होते की प्रेअरी म्हणजे मोकळं माळरान. दिसलं ते वेगळंच. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत सोयाबीन आणि मका. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मका वाळून खडखडत होता. मूळ प्रेअरी, म्हणजे पुरुषभर उंचीचं गवत आणि त्यात शेकडो जातींची फुलं, ती मिसुरीत एके काळी दीड कोटी एकरांवर होती. आज त्यातली एक टक्काही उरलेली नाही. जमीन इतकी सुपीक की नांगर आल्यावर ती राहणार कशी? उरली ती कुठे, तर ज्या ठिकाणी नांगर गेलाच नाही अशा तुकड्यांत. त्यातले काही तुकडे रेल्वेच्या हद्दीत आहेत. रूळांच्या दोन्ही बाजूंची पट्टी कंपनीची, तिथे कोणी शेती केली नाही, आणि गवत आपलं वाढत राहिलं.

त्यामुळे गंमत अशी की शेताच्या कडेने जाताना मध्येच वाटेच्या काठाला अस्सल प्रेअरी लागते. बिग ब्लूस्टेम नावाचं गवत आहे. सायकलवर बसलेल्या माझ्या डोक्याच्या वर त्याचे तुरे होते. नाव निळं, पण शरदात रंग तांब्याच्या जुन्या घंगाळ्यासारखा. मधून मधून पिवळी गोल्डनरॉड आणि रानसूर्यफुलं. मुळं जमिनीत कित्येक फूट खोल जातात म्हणून हे गवत जाळलं तरी पुन्हा फुटतं. राखण्यासाठी ते मुद्दाम ठरावीक काळाने जाळतातही. वारा आला की सगळा काठ एका बाजूला झुकायचा. मी थांबून फोटो काढत होते आणि हे पुढे जाऊन एका मोरीपाशी उकिडवे बसून दगडी बांधकाम बघत होते. उकिडवे! दोन वर्षांत मी यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. बोलले मात्र काही नाही. मीही नाही.

सेडेलियाचं जुनं कॅटी स्टेशन 1896 सालचं, नीट दुरुस्त करून ठेवलेलं आहे. स्कॉट जॉप्लिन हा कृष्णवर्णीय संगीतकार याच गावात राहत होता. त्याची 1899 साली छापली गेलेली 'मेपल लीफ रॅग' ही पियानोची रचना जगभर गाजली. रॅगटाइम संगीताचा इथे अभिमान आहे, संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीतही तेच लागलं होतं. जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींना एवढंच सांगते की चीज घालून भाजलेला ब्रेड आणि बटाटा यांच्याशी मैत्री करा.

दुसरा दिवस सर्वांत मोठा, बूनव्हिलपर्यंत 60 किलोमीटर. हा टप्पा वाटेवरचा त्यातल्या त्यात चढ-उताराचा आहे. चढ उभा नसतो पण लांबलचक असतो, संपता संपत नाही. यांची बॅटरी इथे वसूल झाली. मी एक-दोन ठिकाणी उतरून चालले. मधल्या गावांत दुकानं बंद असू शकतात, पाणी प्रत्येक थांब्यावर मिळत नाही आणि मोबाइलला रेंज येते-जाते. तेव्हा दोन-दोन बाटल्या भरून घ्या आणि घरी फोन सकाळीच करा. आमच्या लेकीने दुपारी तीन तास फोन न लागल्यामुळे संध्याकाळी आमचा जो उद्धार केला, तो इथे लिहीत नाही.

बूनव्हिलला मिसुरी नदी पहिल्यांदा भेटते. गढूळ, रुंद, वेगवान. ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत लांब नदी. हिला 'बिग मडी' म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. नर्मदेचं पाणी डोळ्यांत असलेल्या माणसाला ती पहिल्या नजरेत आवडत नाही. दुसऱ्या दिवशी आवडायला लागते.

नदीवर कॅटीचा जुना लोखंडी पूल उभा आहे, 1930च्या दशकाच्या सुरुवातीचा. मधला भाग लिफ्टसारखा वर उचलता येईल असा, खालून मोठ्या बोटी जाव्यात म्हणून. आम्ही गेलो तेव्हा तो वरच होता, आणि काठाकडच्या भागावर चालत जाता येतं तेवढे आम्ही गेलो. या पुलाची हकीकत मला इथे सांगायलाच हवी, कारण सगळ्या वाटेचं मर्म त्यात आहे.

1986 साली मोठा पूर आला, लाइन वाहून गेली आणि तोट्यात चाललेल्या कंपनीने गाड्या बंद केल्या. अशा वेळी सगळीकडे जे होतं ते इथेही झालं असतं. रूळ भंगारात, स्टेशनं पडीक, जमीन तुकड्यातुकड्याने ज्याच्या त्याच्या घशात. पण त्याआधी तीनच वर्षं, 1983 साली, तिथल्या संसदेने एका कायद्यात दुरुस्ती केली होती. लाइन बंद पडली तरी तिची जमीन मोडायची नाही. ती सलग ठेवून वाट म्हणून वापरायला द्यायची, आणि पुढे कधी देशाला रेल्वेची गरज पडली तर पुन्हा रूळ टाकायचे. याला ते 'रेलबँकिंग' म्हणतात. बँकेत ठेव ठेवावी तशी रेल्वेची वाट ठेवून द्यायची. मिसुरीतलेच एक श्रीमंत गृहस्थ, टेड जोन्स, आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी त्यासाठी सुमारे 22 लाख डॉलर दिले. पहिला टप्पा 1990च्या एप्रिलमध्ये खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जोन्स वारले.

सगळ्यांना हे रुचलं असं मुळीच नाही. शेजारच्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की आमच्या आज्या-पणज्यांनी जमिनीवरून रेल्वेला फक्त जायला दिलं होतं. रेल्वे गेली, जमीन आमची. खटले झाले. व्हर्माँट राज्यातल्या अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली कायदा वैध ठरवला, पण भरपाई मागण्याचा मार्ग जमीनमालकांना मोकळा ठेवला. मला विचाराल तर शेतकऱ्यांचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं. आपल्या दारातून रोज अनोळखी सायकलस्वार जाणार हे कोणाला सहज पटेल? आज त्याच गावांत त्याच सायकलस्वारांवर खानावळी आणि राहण्याची घरं चालतात, ही गोष्ट वेगळी.

तर पूल. गाड्या बंद झाल्यावर जिच्याकडे त्याची मालकी आली त्या रेल्वे कंपनीला तो उतरवून त्याचं लोखंड दुसरीकडे वापरायचं होतं. गावकरी आडवे आले. 2005 साली राज्याचे अॅटर्नी जनरल न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा असा की पूल गेला तर वाट सलग राहत नाही, आणि वाट सलग नसेल तर 'पुन्हा रेल्वे येऊ शकते' या कायद्याच्या पायालाच धक्का बसतो. न्यायालयात ते हरले. पण दरम्यान कंपनीचा बेत बदलला आणि 2010 साली तिने पूल बूनव्हिल गावाला देऊन टाकला.

हे सगळं तिथल्या फलकांवरून आणि जावयाने फोनवर वाचून दाखवलेल्या माहितीवरून यांनी समजून घेतलं. मग कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "डभोई-मियागाम 1862ची. खंडेराव महाराजांची. देशातली पहिली नॅरोगेज, सुरुवातीला बैल ओढायचे डबे. या लोकांची ही लाइन तेव्हा जन्मालाही आली नव्हती." मी म्हटलं, "मग?" "मग काही नाही. आपल्याकडे काही लाइनी ब्रॉडगेज झाल्या, ते चांगलंच झालं. लोकांना गाडी मिळाली. पण ज्या बंदच झाल्या, त्यांच्या जमिनीचं काय होतं? वर्षभरात कडेला टपरी येते, दोन वर्षांत भिंत येते. एकदा तुटली की वाट पुन्हा सांधता येत नाही. नोकरीभर मी त्या वाटेचा नट-बोल्ट सांभाळला गं."

एवढं सलग वाक्य यांनी बायपासनंतर बोललेलं मला आठवत नाही. कोणाला वाटेल, पुलावर उभं राहून नवरा-बायको जमिनीच्या हद्दींबद्दल बोलत होते, यात काय मोठंसं. असो.

तिसऱ्या दिवशी महामार्गाच्या पुलावरून नदी ओलांडली. तिथे सायकलींसाठी कठड्याने वेगळी केलेली लेन आहे, भीती वाटत नाही. रोशपोर्टपर्यंत फक्त 22 किलोमीटर, मुद्दाम आरामाचा दिवस. गावाच्या तोंडाशी 1893 सालचा दगडी बोगदा आहे. जेमतेम 243 फूट लांब, पण आत शिरताच गार हवेचा झोत येतो. यांनी आत घंटी वाजवून बघितली. मग मी. मग मागून आलेल्या, आमच्याहून मोठ्या वयाच्या एका जोडप्यानेही.

रोशपोर्टनंतर ज्याच्यासाठी लोक येतात तो भाग सुरू होतो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला चुनखडीचे उभे कडे, आणि मधून वाट. झाडांची कमान वरून. 1804च्या जूनमध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम याच नदीतून बोटी ओढत वर गेली. इथल्या कड्यांवर मूळ रहिवाशांनी काढलेली चित्रं होती, त्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. रेल्वेसाठी सुरुंग लावले तेव्हा त्यातली बरीचशी उडाली. म्हणजे आपण ज्या सपाट वाटेचं कौतुक करतो आहोत तिची किंमत आधीच कोणीतरी देऊन झालेली आहे. ज्या मिसुरिया लोकांचं नाव नदीला आणि राज्याला आहे, ते लोकही आता तिथे नाहीत.

चौथ्या दिवशी, मॅकबेनजवळ, वाटेपासून थोडं आत शेतात एक एकटा ओक वृक्ष आहे. बर ओक जातीचा, साडेतीनशे-चारशे वर्षांचा, बुंध्याचा घेर 24 फुटांच्या आसपास. पूर पाहिले, 2020 साली वीज पडून आतून जळाला, अग्निशमन दलाने पाण्याचा मारा करून विझवला, आणि पुन्हा पालवला. कबीरवड पाहिलेल्याला आकाराचं नवल वाटणार नाही. पण सपाट शेतात दुसरं झाडच नाही, म्हणून तो फार मोठा वाटतो. आम्ही त्याच्या सावलीत शेवटचे थेपले खाल्ले.

मुक्काम हार्ट्सबर्गला होता. शंभर-सव्वाशे वस्तीचं गाव, जर्मन वसाहतकऱ्यांचं. इथे ऑक्टोबरात भोपळ्यांची जत्रा भरते, त्यामुळे शेतात केशरी भोपळेच भोपळे पडलेले. लेकीकडे भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी मला आठवली, आणि मी तसं म्हटलंही. हे म्हणाले, "तिच्या भोपळ्याला बॅटरी नव्हती." गावात 1993च्या पुराची खूण दाखवतात. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. त्या पुरात नुकत्याच तयार झालेल्या ट्रेलचाही मोठा भाग वाहून गेला होता. पुन्हा बांधला.

पाचव्या दिवशी फक्त 17 किलोमीटर. उत्तर काठावरच्या थांब्यापासून सायकलींसाठी केलेल्या पुलावरून नदी ओलांडून जेफरसन सिटीत गेलो. राजधानीचा घुमट लांबूनच दिसायला लागतो. विंडसरपासून सगळे मिळून सुमारे 169 किलोमीटर झाले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणखी थोडं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, उन्हाळा दमट आणि कडक असतो. मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. वाट सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच खुली असते. गवतात शिरलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड बघा, हे हसण्यावारी नेऊ नका. सेंट लुईस ते कॅन्सस सिटी अशी रेल्वे आहे, ती जेफरसन सिटी आणि सेडेलियाला थांबते आणि आधी आरक्षण केलं तर सायकलही नेते. म्हणजे कोणाला गाडीने सोडायला सांगायची गरज नाही. सगळी वाट एकदम करायची नसेल तर रोशपोर्टला गाडी लावून दोन तास नदीकाठाने जाऊन परत या, तेवढ्यानेही समाधान होईल.

जेफरसन सिटीचं स्टेशन नदीच्या अगदी काठाला आहे. या बाजूची लाइन जिवंत आहे. लेक घ्यायला यायची होती, तोपर्यंत बाकावर बसलो. एक मालगाडी आली, यांनी डबे मोजायला सुरुवात केली आणि मला बोलू दिलं नाही. शेपूट गेल्यावर खिशातून वाटेचा नकाशा काढला. पुढच्या खेपेला इथून पूर्वेला, हर्मनच्या पुलापर्यंत. 68 किलोमीटर आहे, असं म्हणाले, दोन दिवस धरू.